टेप कोणाच्या दारापासून? शिकागोचे फूड ट्रक आणि २०० फुटांचा नियम

शिकागोत रस्त्याकडेला अग्निशमनाचे नळ उभे असतात. त्या नळापासून १५ फुटांच्या आत कोणी गाडी लावली तर १५० डॉलर दंड होतो. त्याच रस्त्यावर रेस्टॉरंटच्या मुख्य दारापासून २०० फुटांच्या आत फूड ट्रक उभा राहिला, तर दंड किमान १,००० डॉलर, आणि तो २,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आग लागली तर नळ अडवणाऱ्या गाडीपायी जीव जाऊ शकतात. रेस्टॉरंटजवळच्या ट्रकपायी फार तर त्या रेस्टॉरंटचे चार गिऱ्हाईक जातील. हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा या प्रकरणात मला रस वाटू लागला, आणि मग नियम, खटला, निकाल असे सगळे वाचत गेलो.

हे प्रकरण म्हणजे एलएमपी सर्व्हिसेस (एका फूड ट्रकची कंपनी, म्हणजे वादी) विरुद्ध शिकागो शहर. दावा २०१२ मध्ये दाखल झाला आणि २३ मे २०१९ रोजी इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. (अमेरिकेत प्रत्येक राज्याचे स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते. आपल्यासारखे देशाचे एकच नव्हे.) निकाल पालिकेच्या बाजूने लागला, तोही एकमताने. तरी रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्यांचे नियम कोणासाठी आणि कशाच्या आधारावर करायचे, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मला आजवर सापडलेले नाही.

२०१२ पूर्वीचे शिकागो

फूड ट्रकची आजची लाट २००८ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली असे मानतात. कोगी नावाचा एक ट्रक कोरियन मांस मेक्सिकन टाकोत घालून विकू लागला. आज कुठे उभा आहे हे तो ट्विटरवर सांगायचा आणि लोक तिथे रांगा लावायचे. त्याआधीही ट्रक होतेच. बांधकामांवर, कारखान्यांच्या दारात कामगारांना जेवण पुरवणारे. बदल झाला तो गिऱ्हाइकात. ऑफिसातली, चांगले पैसे मोजणारी मंडळी ट्रकपाशी येऊ लागली, आणि तिथूनच रेस्टॉरंटवाल्यांच्या पोटात गोळा आला.

शिकागो खाण्यापिण्यासाठी मोठे नावाजलेले शहर. फूड ट्रकच्या बाबतीत मात्र ते फार मागे होते. ट्रकमध्ये अन्न शिजवायला परवानगीच नव्हती. परवानाधारक स्वयंपाकघरात तयार करून, पाकिटात बंद केलेला माल तेवढा विकायचा. समोर गरम तव्यावर काही करून देणे सोडाच, साधे कापणे-चिरणेही चालत नसे. कपकेक विकणाऱ्याचे यात फारसे अडत नाही. सँडविच किंवा टाको विकणाऱ्याचे सगळेच अडते.

वादी कंपनीचा ट्रक कपकेकचाच होता. मालकीणबाईंच्या बहिणीला कर्करोग झाला. तिची काळजी घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, घरी केक करू लागल्या आणि २०११ मध्ये ट्रक रस्त्यावर आणला. उत्पन्नातला काही भाग कर्करोगाशी संबंधित संस्थांना जायचा. भांडवल बेताचे, दुकान घेण्याइतके पैसे नाहीत, म्हणून चाकावरचे दुकान. आपल्याकडे वडापावची गाडी टाकणाऱ्याचा हिशेब याहून वेगळा नसतो.

२५ जुलै २०१२ रोजी शिकागोच्या नगरसभेने ४४ विरुद्ध १ मतांनी नवा उपविधी, म्हणजे शहरापुरता कायदा, मंजूर केला. महापौर होते राम इमॅन्युएल. ट्रकमध्ये शिजवायला परवानगी मिळाली आणि वर्तमानपत्रांनी मुख्यतः हेच सांगितले. त्याच कागदात आणखी तीन गोष्टी होत्या. रेस्टॉरंटपासून २०० फूट अंतराचा नियम १९९१ पासूनचा होता. तो कायम राहिला आणि त्याचा दंड वाढवून १,००० ते २,००० डॉलर करण्यात आला. प्रत्येक ट्रकमध्ये जीपीएस यंत्र कायमचे बसवणे सक्तीचे झाले. आणि काही भागांत ट्रकसाठी राखीव थांबे ठरवायचे असे ठरले.

नगरसभेत रेस्टॉरंट व्यवसायाची माणसे होती, हे लपून नव्हते. ४४ व्या प्रभागाचे तेव्हाचे नगरसेवक टॉम टनी हे ॲन सॅदर या रेस्टॉरंटांचे मालक आणि इलिनॉय रेस्टॉरंट असोसिएशनचे माजी अध्यक्ष. यात बेकायदा काही नाही. नगरसेवकाने धंदा करू नये असे कुठे लिहिलेले नाही. पण नियम ठरवायच्या टेबलावर एका बाजूच्या खुर्च्या भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या असल्या की कागदावर काय उतरते, हे पुढे दिसतेच.

२०० फूट म्हणजे नेमके किती

६१ मीटर. ऐकायला फार वाटत नाही. म्हणून जरा मोजून बघू.

नियमाचे शब्द असे, की रस्त्याच्या पातळीवर असलेल्या रेस्टॉरंटच्या गिऱ्हाइकांसाठीच्या मुख्य दारापासून २०० फुटांच्या आत ट्रक उभा करू नये. दार रस्त्याच्या मधोमध धरा. डावीकडे २०० फूट गेले, उजवीकडे २०० गेले. एका दाराने फूटपाथची ४०० फूट कड बंद केली. समोरच्या बाजूची कडही वर्तुळात येते, तिथलीही जवळजवळ तितकीच लांबी गेली. शिकागोची आखणी चौकटीची आहे. जुन्या आखणीतल्या चौकटीची आखूड बाजू साधारण ३३० फुटांची असते. म्हणजे अशा बाजूच्या मध्यावर एकच दार असले तरी चौकापासून चौकापर्यंतचा रस्ता, दोन्ही कडांसकट, ट्रकसाठी संपला.

आता रेस्टॉरंट कशाला म्हणायचे ते पाहा. उपविधीत व्याख्या पैस आहे. ठरावीक जागी, लोकांसाठी अन्न आणि पेय तयार करून देणारी कुठलीही जागा, मग ते तिथे बसून खावोत की घेऊन जावोत. कॉफीची दुकाने आली, सँडविचची आली, कॅफेटेरिया आले. सेव्हन-इलेव्हनसारख्या किराणा-कम-खाऊच्या दुकानांनाही पालिका यात धरत होती. लूप म्हणजे शिकागोचा कचेऱ्यांचा गाभा, आपल्या फोर्टसारखा. तिथे अशा दाराशिवाय पन्नास पावले चालणे अवघड. वादीच्या तज्ज्ञाने नकाशा करून मोजले, तेव्हा लूपच्या उत्तर भागात कायदेशीरपणे उभे राहण्याजोगी कड जेमतेम ३ टक्के उरत होती. त्या ३ टक्क्यांत नेहमीचे पार्किंगचे नियम आलेच, आणि एका जागी दोन तासांहून जास्त थांबता येणार नाही ही अटही आली.

रात्री १२ ते २ या वेळात अंतराचा नियम लागू नव्हता. या सवलतीपाशी मी जरा थांबलो. फूटपाथवरची गर्दी हे नियमामागचे खरे कारण असते, तर बार सुटायच्या वेळी, जेव्हा काही रस्ते माणसांनी फुललेले असतात, तेव्हा सवलत का? त्या वेळी बहुतेक रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरे बंद झालेली असतात. एवढ्या एका तरतुदीवरून नियम कोणाकडे पाहून लिहिला आहे हे कळते.

राखीव थांब्यांबद्दल पालिकेला श्रेय द्यायला हवे. शिकागोचे ७७ समुदाय-क्षेत्रांत विभाजन केलेले आहे. ज्या क्षेत्रात खाद्यपदार्थांची ३०० किंवा अधिक दुकाने आहेत, तिथे किमान पाच थांबे द्यायचे अशी तरतूद होती. थांब्यावर २०० फुटांचा नियम लागू नाही. कल्पना चांगली. पण एका थांब्यावर दोनेक ट्रक मावणार, आणि सगळ्या शहरातल्या ट्रकना दुपारच्या त्याच दोन तासांत लूपमधले तेच थोडे थांबे हवे असणार. सकाळी लवकर येऊन जागा धरून बसणे हाच मग धंद्याचा पहिला भाग होतो.

जीपीएसची अट

ट्रकवर जीपीएस यंत्र कायमचे बसवायचे. धंदा चालू असताना आणि ट्रक साफसफाई, भरणा यासाठी मध्यवर्ती स्वयंपाकघरात असताना ते चालू ठेवायचे, आणि किमान दर पाच मिनिटांनी ट्रकचे ठिकाण एका सेवा कंपनीकडे पाठवायचे. त्या कंपनीने माहिती सहा महिने जपून ठेवायची. खर्च मालकाचा.

पालिकेचे म्हणणे होते की ट्रक चालता-फिरता आहे, अन्नातून विषबाधेची तक्रार आली तर तो कुठे शोधायचा? प्रश्न रास्त आहे. रेस्टॉरंट पळून जात नाही, ट्रक जातो. ही माहिती कधी मागवता येईल याची यादीही नियमांत होती. आरोग्याची तक्रार, आणीबाणी, न्यायालयाचे वॉरंट वगैरे. पण त्याच यादीत ट्रकसंबंधीच्या नियमांचे पालन तपासण्यासाठी, असेही एक कलम होते. त्या कलमाने यादीतल्या बाकीच्या मर्यादांना फारसा अर्थ उरत नाही.

याविरुद्ध वादीचा मुद्दा साधा होता. मी कपकेक विकते म्हणून शासनाने माझा दर पाच मिनिटांचा माग ठेवायला लावणे ही विनावॉरंट झडती आहे, आणि इलिनॉयच्या राज्यघटनेने तिला मनाई केली आहे. न्यायालयाला ते पटले नाही. पालिकेने स्वतः येऊन कुणाच्या मालमत्तेवर यंत्र चिकटवलेले नाही, परवान्याची अट म्हणून मालकाने बसवले आहे. आणि ट्रकवाले तर आपले ठिकाण रोज समाजमाध्यमांवर जाहीर करतात, मग ते गुप्त राहावे ही अपेक्षा कसली? पालिकेने ही माहिती आजवर मागवलेलीच नाही, हेही पुढे आले.

या शेवटच्या गोष्टीने मी अस्वस्थ झालो. विषबाधा शोधण्यासाठी ही माहिती अत्यावश्यक असेल, तर इतक्या वर्षांत एकदाही लागली नाही? आणि लागतच नसेल, तर प्रत्येक ट्रकवाल्याने दरमहा तिचे पैसे का भरायचे? शिवाय माझे ठिकाण मी गिऱ्हाइकांना सांगणे आणि शासनाने ते नोंदवून घ्यायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानावर मी पाटी लावतो, याचा अर्थ पालिकेने माझ्या दुकानात कॅमेरा बसवावा असा होत नाही.

खटला

नोव्हेंबर २०१२ मध्ये दावा दाखल झाला. वादीच्या बाजूने इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस ही संस्था उभी राहिली. छोट्या धंद्यांवरच्या निर्बंधांविरुद्ध देशभर खटले लढवणारी ही संस्था. तिची विचारसरणी मुक्त बाजाराची आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. सुरुवातीला आणखी एक ट्रक वादी होता. खटला चालू असतानाच त्याचा धंदा बंद झाला आणि तो बाहेर पडला. कुक काउंटीच्या न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पालिकेच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो कायम केला आणि मे २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. साडेसहा वर्षे. ट्रकच्या इंजिनाचे आयुष्यही फार जास्त नसते.

वादीचा मुख्य आधार त्याच न्यायालयाचा १९६० चा एक निकाल होता. लोम्बार्ड नावाच्या गावाने नियम केला होता की एका पेट्रोलपंपापासून ६५० फुटांच्या आत दुसरा पंप नको. न्यायालयाने तो रद्द केला होता. वादीचे म्हणणे, आमचाही मुद्दा हाच आहे. एका धंद्याला दुसऱ्या धंद्यापासून वाचवणे हे शासनाचे काम नव्हे. न्यायालयाने म्हटले की तो निकाल इथे लागू होत नाही.

पालिकेने तीन कारणे दिली होती. रेस्टॉरंट आणि ट्रक यांच्या हितांचा तोल राखणे, फूटपाथवरची गर्दी आवरणे, आणि जिथे खाण्याची सोय कमी आहे अशा वस्त्यांकडे ट्रक वळवणे. न्यायालयाची भिस्त मुख्यतः पहिल्यावर होती. रेस्टॉरंट एका जागी वर्षानुवर्षे असते, मालमत्ता कर भरते, वस्तीला स्थैर्य देते. ट्रक ते देत नाही. वस्त्यांचे दीर्घकालीन स्थैर्य आणि आर्थिक वाढ हे पालिकेचे वैध हित आहे, आणि २०० फुटांचा नियम त्या हिताशी तर्काने जोडता येतो. तेवढे पुरे.

“तेवढे पुरे” हेच या प्रकरणातले खरे कुलूप आहे. अमेरिकन न्यायालये आर्थिक नियमनाला एक सौम्य कसोटी लावतात. नियमामागे कल्पना करता येईल असे एखादे वाजवी कारण असले की झाले. नियमामुळे ते साध्य होते का, हे पालिकेने सिद्ध करायचे नसते. उलट सुचू शकणारे प्रत्येक कारण चुकीचे आहे हे वादीने दाखवायचे. २०० फुटांमुळे एक तरी रेस्टॉरंट वाचले का? १०० फूट का नाहीत? ५० का नाहीत? हे प्रश्न विचारता येतात, पण उत्तर देणे पालिकेवर बंधनकारक नाही. १९७६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमधील हातगाड्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच ढिली कसोटी लावून शहराचा नियम राखला होता. तिथे तर आठ वर्षांपेक्षा जुने विक्रेते राहतील, नवे जातील असा भेद होता, आणि तोही चालला. त्या वाटेवरून चालताना इलिनॉयच्या न्यायालयाला वेगळा निकाल देणे कठीणच होते, हे मी मान्य करतो. कायद्याच्या दृष्टीने निकाल चुकला असे मी म्हणणार नाही.

रेस्टॉरंटवाल्याची बाजू

ती ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. शिकागोचा हिवाळा ज्यांनी काढला आहे त्यांना ठाऊक असेल, डिसेंबर ते मार्च रस्त्यावर चिटपाखरू नसते. रेस्टॉरंटवाला त्या चार महिन्यांतही भाडे भरतो, हीटर चालवतो, आचाऱ्याला पगार देतो. त्याची भरपाई मे ते सप्टेंबरच्या दुपारी होते. नेमक्या त्याच महिन्यांत, त्याच दुपारी, ट्रक येऊन दारात उभा राहतो आणि दोन तासांत मलई काढून निघून जातो. त्याला ना मालमत्ता कर, ना शौचालय, ना जानेवारी. माझे एखादे छोटे उपाहारगृह असते तर मलाही राग आला असता.

पण मग त्या रागावर उपाय काय? जागेचा वापर फुकट होतोय असे वाटत असेल तर जागेचे भाडे घ्या. थांब्यांचा वेळेनुसार लिलाव करा, जेवणाच्या वेळी दर वाढवा. कचरा पडत असेल तर कचऱ्याचा दंड लावा. फूटपाथ अडत असेल तर फूटपाथ किती रुंद मोकळा हवा ते ठरवा आणि तेवढा मोजा. या प्रत्येक उपायात टेप सार्वजनिक गोष्टीपासून लागते. नळापासून, चौकापासून, बसथांब्यापासून, फूटपाथच्या कडेपासून. अंतर प्रतिस्पर्ध्याच्या दारापासून मोजले की नियम कशाचे रक्षण करतो हे वेगळे सांगायला लागत नाही. दाराआड रेस्टॉरंट असेल तर २०० फूट, आणि तेच गाळे रिकामे होऊन तिथे चपलांचे दुकान आले तर शून्य. रस्ता तोच, गर्दी तीच, ट्रकही तोच.

स्थैर्याच्या युक्तिवादाचेही एक उत्तर याच प्रकरणात दडलेले आहे. ज्या मालकीणबाईंचा ट्रक अस्थिर ठरवला गेला, त्यांनी पुढे बेकरीची पक्की दुकाने काढली. भाडे, नोकर, काचेचे दार, सगळे. ती एल्महर्स्ट आणि ओक पार्कमध्ये, म्हणजे शिकागो शहराच्या हद्दीबाहेरच्या उपनगरांत. ट्रक ही अनेकांसाठी दुकानाची पहिली पायरी असते. पायरी उंच केली की माणूस शेजारच्या घरी चढतो.

इतर शहरे

कॅलिफोर्नियात हा वाद फार आधी झाला. लॉस एंजेलिसमध्ये रेस्टॉरंटपासून १०० फुटांच्या आत खाद्य-ट्रक नको असा नियम होता. १९७९ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो फेटाळला, कारण तो केवळ एका धंद्याला दुसऱ्यापासून संरक्षण देत होता. कोगीचा जन्म लॉस एंजेलिसला झाला, शिकागोला नाही, याच्या मुळाशी हवामानाइतकाच हा निकालही असावा, असे मला वाटते.

टेक्सासमधल्या एल पासोने तर १,००० फुटांचा नियम केला होता. खटला भरल्यावर २०११ मध्ये शहराने तो स्वतःच मागे घेतला. केंटकीतील लुइव्हिलनेही आपला १५० फुटांचा नियम सोडला. बाल्टिमोरमध्ये ३०० फुटांचा नियम जरा वेगळा आहे. ट्रक जे विकतो तेच मुख्यतः विकणाऱ्या दुकानापासून अंतर ठेवायचे. पिझ्झाचा ट्रक पिझ्झाच्या दुकानापासून. म्हणजे तिथे आडपडदाच ठेवलेला नाही. २०२० मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने तोही वैध ठरवला. या सगळ्यांत एक धागा दिसतो. अलीकडच्या काळात असे नियम बहुतेक नगरसभांच्या सभागृहात सुटले, न्यायालयात क्वचितच. खटल्याने आलेल्या बदनामीचा आणि खर्चाचा दबाव पुरला. शिकागोने तो दबाव सोसायचे ठरवले.

आपल्याकडची टेप

मुंबईच्या फेरीवाल्यांना अंतराचे नियम नवे नाहीत. महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २००३ रोजी घातलेल्या अटींत धार्मिक स्थळे, शाळा, रुग्णालये यांच्यापासून १०० मीटर आणि रेल्वे स्थानके, पालिकेच्या व इतर मंडया यांच्यापासून १५० मीटर असे अंतर होते. रस्त्यावर अन्न शिजवायलाही मनाई होती. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने याच अंतरांचा पुन्हा आधार घेतला. शिकागोची टेप हातात घेऊन ही यादी पाहिली तर स्थानक, शाळा, रुग्णालय या सार्वजनिक जागा आहेत. तिथून मोजण्यामागे गर्दी, वाट, शांतता ही कारणे सांगता येतात, ती पटोत न पटोत. “मंडई” या शब्दापाशी मात्र मी अडतो. मंडईपासून १५० मीटर हे गर्दीसाठी की गाळेवाल्यांसाठी? मंडईत गाळा भाड्याने घेतलेला भाजीवाला आणि तिच्या दारात पाटी घेऊन बसलेली बाई यांचे भांडण शिकागोच्या भांडणापेक्षा फारसे निराळे नाही.

२०१४ चा पथविक्रेता कायदा आला आणि निदान कागदावर पुराव्याचे ओझे दुसऱ्या खांद्यावर गेले. प्रत्येक शहराने पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे, ते होईपर्यंत कुणाला उठवायचे नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असायचे, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. ज्या टेबलाच्या एका बाजूच्या खुर्च्या शिकागोत रिकाम्या होत्या, त्या इथे कायद्याने भरायच्या आहेत. कायद्याची पहिली अनुसूची तर आणखी पुढे जाते. सर्वेक्षणात आढळलेला जुना किंवा नैसर्गिक बाजार ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. एखादी जागा गर्दीची आहे एवढ्या कारणावरून ते करता येत नाही. अस्वच्छतेचे कारण द्यायचे तर ती अस्वच्छता केवळ विक्रेत्यांमुळेच आहे आणि पालिकेच्या योग्य उपाययोजनेने ती दूर होऊ शकत नाही, हे दोन्ही दिसले पाहिजे.

या तरतुदी वाचताना मला शिकागोचा तो तीन कारणांचा युक्तिवाद आठवला. तिथे “गर्दी” हा शब्द उच्चारणे पुरले. इथे तो उच्चारला की समितीत बसलेली भाजीवाली विचारू शकते, किती गर्दी, कधी मोजली, आणि पालिकेने त्यासाठी आधी काय केले? आपल्या शहरांत सर्वेक्षणे रेंगाळली, समित्यांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, आणि अतिक्रमण विभागाची गाडी मात्र वेळेवर येत राहिली. म्हणून तो प्रश्न विचारणारी बाई अजून बऱ्याच ठिकाणी टेबलापर्यंत पोचलेलीच नाही. आपल्या प्रभागात पथविक्रेता समिती आहे का, तिच्यात निवडून आलेले विक्रेते किती, आणि ना-फेरीवाला क्षेत्राचा ठराव करताना कारण म्हणून काय लिहिले, ही माहिती अधिकारात मागता येण्याजोगी तीन साधी कागदपत्रे आहेत. ती हातात आली की आपल्या रस्त्यावर टेप कुठून लावली आहे ते मोजता येईल.